आमचं रक्त नेलंत, पुढे काय झालं? मुंबईतल्या एथिक्स कमिट्यांना खुलं पत्र

नमस्कार सर, मॅडम,

मुंबईतल्या मेडिकल कॉलेजांत, हॉस्पिटलांत, संशोधन संस्थांत ज्या एथिक्स कमिट्या आहेत, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या, त्यांच्या सगळ्या मेंबरांना हे पत्र लिहितेय. मी कुर्ल्यात मिठी नदीच्या काठाला वाढले आणि नंतर बरीच वर्षं वेगवेगळ्या प्रोजेक्टवर फील्ड इन्व्हेस्टिगेटरचं काम केलं, म्हणजे तुम्ही मीटिंगमध्ये संमतीचा जो फॉर्म पास करता तो पिशवीत घालून दारोदार फिरणारी जी बाई असते ती मी. रक्त देणाऱ्या घरातही मी होते आणि नंतर रक्त घेणाऱ्या टीममध्येही होते. दोन्हीकडून जे बघितलं ते पावसाळ्याच्या आधीच तुमच्या कानावर घालायचंय, कारण एकदा पाणी भरलं की ऐकायला कोणाला वेळ नसतो.

२६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे आता सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे मिठी घरात आली. मी दहावीला होते. आई कामावरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत रात्री उशिरा घरी आली, पायाला पत्रा लागून कापलेलं, त्यावर साडीची चिंधी बांधलेली. पाणी उतरल्यावर चार दिवस आम्ही गाळ काढत होतो, मेलेले उंदीर फावड्याने उचलत होतो, आणि आईचा तो पाय तसाच गाळात.

साधारण आठवड्याने एक टीम आली. पांढरे कोट, थर्माकोलचा डबा, गळ्यात आयकार्ड. कुठून आली ते मी इथे लिहिणार नाही, कारण मला कोणा एकाला धरायचं नाहीये. त्यांनी वस्तीतल्या देवळासमोर टेबल लावलं. त्याच देवळासमोर आदल्या दिवशी धान्याचं आणि चटयांचं वाटप झालं होतं, त्यामुळे अर्धी रांग तर आज काय वाटतायत म्हणून उभी राहिली होती. सह्या घेतल्या, अंगठे घेतले, रक्त घेतलं. आईच्या हातात एक छोटं पिवळं कार्ड दिलं, त्यावर निळ्या पेनने लिहिलेलं के-११७. "दोन आठवड्यात रिपोर्ट येईल," असं एक मॅडम बोलल्या. बोलायला चांगल्या होत्या हो, आईच्या पायाकडे बघून "ड्रेसिंग करून घ्या" असंही म्हणाल्या.

दोन दिवसांनी आईला ताप आला. पोटऱ्या अशा दुखायला लागल्या की तिला उभं राहवेना, डोळे लाल. पप्पा म्हणाले हॉस्पिटलला जाऊया. आई म्हणाली, "अहो आत्ताच तर रक्त नेलंय माझं, काही असतं तर आले असते ना सांगायला." पाच दिवस तिने हेच सांगितलं. पाच दिवस ती नाक्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या खात के-११७ च्या रिपोर्टची वाट बघत होती. सहाव्या दिवशी डोळे पिवळे झाले आणि लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा तिला रिक्षात घालून नेलं. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. किडनीवर आलेलं. डायलिसिस करावं लागलं, तीन आठवडे ती वॉर्डात होती. वाचली, आज आहे, माझ्या मुलाला सांभाळते. पण त्या आठवड्यात तिच्या शेजारच्या खाटेवरचे दोन पेशंट गेलेले आम्ही बघितले.

आता मी या कामात राहिले म्हणून मला कळतं की त्या दिवशी तिच्या रक्तात बहुतेक काही सापडलं नसतंच. लेप्टोच्या अँटिबॉडी दिसायला आजारी पडल्यावर पाच-सात दिवस लागतात, आणि पक्कं ठरवायचं तर आठवड्या-दोन आठवड्याच्या अंतराने दुसरा नमुनाही घ्यावा लागतो. त्यामुळे रिपोर्ट वेळेवर आला असता तर आई आजारी पडली नसती असं मी म्हणतच नाही. माझं दुखणं वेगळं आहे. त्या टेबलावर एक वाक्य कोणी बोललं असतं ना, "मावशी, हे रक्त अभ्यासासाठी आहे, हे औषधपाणी नाही, ताप आला तर आमची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला जा," तर ती पाच दिवस घरी बसली नसती. फॉर्मवर ते लिहिलेलं असणारच, मला खात्री आहे. "सदर अभ्यासात सहभागी झाल्याने आपणास प्रत्यक्ष वैद्यकीय लाभ होईलच असे नाही." हे वाक्य मी स्वतः नंतर किती घरांत वाचून दाखवलंय. ऐकणारी बाई मान हलवते आणि विचारते, "म्हणजे गोळ्या नंतर देणार का?"

आमच्याकडे रक्त घेणं म्हणजे इलाज सुरू झाला असंच समजतात. अडाणीपणा म्हणून नाही, सरकारी दवाखान्यात आयुष्यभर तसंच बघितलेलं असतं म्हणून, आधी रक्त मग औषध. आणि ज्याचं घर आत्ताच वाहून गेलंय तो माणूस तर पांढरा कोट दिसला की धीर धरतो, आलं कोणीतरी. त्या धीराची जबाबदारी कोणाची? नमुना घेणाऱ्याची आहे असं मला वाटतं, आणि त्याला परवानगी देणाऱ्या तुमची पण.

दुसऱ्या बाजूचं पण सांगते. २०१६ च्या जानेवारीत देवनार डंपिंग ग्राउंडला आग लागली, दिवसेंदिवस धूर, गोवंडी-चेंबूरमध्ये डोळे उघडवत नव्हते, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर एका प्रोजेक्टवर मी होते. खोकला किती दिवस, रात्री दम लागतो का, घरात चूल की गॅस, अशी प्रश्नांची जाडजूड चळत, आणि मग मशीनमध्ये जोरात फुंक मारायची. एका घराला पाऊण तास. एक ताई होत्या, कडेवर पोर, त्यांचं पोर सारखं खोकत होतं. मी बसले, पहिला प्रश्न विचारला तर त्या म्हणाल्या, "कालच्या ताईने लिहून नेलंय, तिचं बघून लिही ना." त्या आठवड्यातली मी तिसरी होते. तीन वेगळ्या संस्था, तीन वेगळ्या कमिट्यांची मंजुरी, आणि कोणालाच माहीत नाही की दुसरं कोणी त्याच गल्लीत फिरतंय. बाहेर नळाला पाणी आलं, बायका हंडे घेऊन पळाल्या, ती बाई मात्र माझ्यासमोर बसून राहिली कारण मी फॉर्म अर्ध्यावर ठेवला होता आणि तिला वाटत होतं की पूर्ण भरला नाही तर पोराला डॉक्टर बघणार नाही. मी तिला म्हटलं, आधी पाणी भरा. पण पोराला कोण डॉक्टर बघणार ते मी सांगू शकले नाही कारण आमच्या प्रोजेक्टमध्ये डॉक्टर नव्हताच. माझ्या पिशवीत द्यायला एक बिस्किटाचा पुडा होता. तो दिला. त्या पुड्याची मला आजही लाज वाटते.

त्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं मला माहीत नाही. डेटा एन्ट्री झाली, माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दोन वर्षांनी त्याच गल्लीत दुसऱ्या कामाने गेले तर त्या ताईंनी ओळखलं आणि विचारलं, "काय आलं गं त्याच्यात?"

याचा अर्थ संशोधन बंद करा असा कोणी लावू नका. उलट आहे. भोपाळचं बघा. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटला, आणि त्या गॅसचा माणसाच्या शरीरावर पुढे काय परिणाम होतो हे तेव्हा जगात कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. अभ्यास करणं भागच होतं. आपल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. एस. आर. कामतांच्या टीमने गॅसपीडितांची फुप्फुसं तपासून १९८५ मध्येच निरीक्षणं छापली, मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाच्या लोकांनी त्याच वर्षी वस्त्यांत जाऊन पाहणी केली. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ८० हजारांच्या आसपास लोकांचा गट धरून वर्षानुवर्षं पाठपुरावा करायचं ठरवलं. आणि १९९४ मध्ये ते काम थांबवलं. गॅस लागलेल्या पोरींना मुलं व्हायच्या वयात नेमकं आयसीएमआरचं मोजणं थांबलं. पुढे २०१० मध्ये भोपाळला पर्यावरणीय आरोग्यासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, पण मधली वर्षं तर गेलीच ना. संकटानंतर अभ्यास अर्ध्यावर सोडणं हाही अन्यायच आहे, कारण ज्याची नोंद नाही त्याची भरपाई मागताना माणूस कोर्टात रिकाम्या हाताने उभा राहतो.

त्याच भोपाळमध्ये सोडियम थायोसल्फेटचा, म्हणजे अंगातलं विष उतरवायच्या इंजेक्शनचा, वाद झाला. काही डॉक्टरांना आणि पेशंटना त्या इंजेक्शनने आराम पडतोय असं दिसत होतं, काही डॉक्टर मानत नव्हते. मग चाचणी झाली, एका गटाला औषध, दुसऱ्या गटाला औषध नसलेलं इंजेक्शन, कोणाला काय मिळतंय ते देणाऱ्यालाही माहीत नाही. शास्त्र म्हणून पद्धत बरोबर आहे, मला कळतं. निकाल औषधाच्या बाजूने आला. पण निकाल आल्यावर ते इंजेक्शन सगळ्या वस्त्यांत पोचायला हवं होतं की नाही? ते तसं पोचलं नाही, आणि लोकांनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यात ते दिलं जात होतं तिथे जून १९८५ मध्ये पोलिसांची धाड पडली, कागदपत्रं नेली. म्हणजे ज्यांच्या अंगावर चाचणी झाली त्यांनाच तिचं फळ मिळालं नाही. आणि वीस वर्षांनी, गॅसपीडितांसाठीच बांधलेल्या हॉस्पिटलात औषध कंपन्यांच्या ट्रायल झाल्या, त्यातल्या कित्येकांनी नंतर सांगितलं की आपण ट्रायलमध्ये आहोत हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्यांनाही वाटलं असेल, रक्त घेतायत म्हणजे इलाज चाललाय. माझ्या आईसारखंच.

परदेशात पण हेच. हिरोशिमात बॉम्बनंतर अमेरिकेने कमिशन बसवलं, वाचलेल्या लोकांना बोलावून तपासायचे, मोजायचे, पण उपचार करायचे नाहीत, आणि त्या लोकांच्या मनातला राग पिढ्यानपिढ्या राहिला. जपानातच मिनामाताला लोकांना पाऱ्याच्या विषाचा आजार होत होता, तिथे चिसो कंपनीच्या डॉक्टरने १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला खायला घालून बघितलं, मांजराला तोच आजार झाला, आणि कंपनीने ते दाबून ठेवलं. लोक मासे खात राहिले. ही उदाहरणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील, तुमच्या ट्रेनिंगमध्ये असतात. मी लिहितेय कारण मुंबईत दर पावसाळ्यात थोड्या प्रमाणात हेच चालतं आणि त्याला कोणी काही म्हणत नाही, कारण त्यात वाईट माणूस कोणीच नसतो, सगळे चांगल्या मनाने आलेले असतात.

आणि नीट झालेलं कामही मुंबईतच आहे. माहुल-आंबापाड्यातले लोक रिफायनऱ्यांच्या आणि केमिकलच्या टाक्यांच्या वासाने हैराण होते, तिथे केईएमने केलेली आरोग्य पाहणी राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने मान्य केलं की तिथल्या लोकांच्या आरोग्याला धोका आहे. त्रास अजून संपलेला नाही, हे माहुलला राहणारा कोणीही सांगेल. तरी लोकांनी दिलेली माहिती लोकांच्या हातात हत्यार म्हणून परत आली. एवढंच मागतेय मी.

नियम नाहीत असं पण नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आपत्तीतल्या संशोधनावर वेगळा विभाग आहे. दुःखात असलेल्या माणसाची संमती कशी घ्यायची, मदत आणि संशोधन यांची सरमिसळ होऊ नये, वस्तीच्या लोकांना सोबत घ्या, सगळं लिहिलंय. संकट यायच्या आधीच प्रोटोकॉलचा, म्हणजे अभ्यास कसा करायचा त्याचा, मसुदा करून कमिटीकडून तपासून ठेवता येतो हे पण आहे. मग मुंबईला तर संकटाची तारीखच माहीत असते ना. जून ते सप्टेंबर. भरती किती वाजता आहे ते पालिका आधीच जाहीर करते. हिंदमाता, कुर्ला, मिलन सबवे कुठे पाणी भरणार ते शेंबडं पोर पण सांगेल. तरी प्रत्येक वेळी पाणी भरल्यावर घाईघाईत प्रपोजल येतं, घाईघाईत पास होतं, आणि मग घाईचं कारण सांगून सगळ्यात आधी कशाला कात्री लागते? बसून समजावून सांगायच्या वेळेला.

तर माझी मागणी अशी आहे की येत्या मे महिन्यात तुम्ही सगळ्या कमिट्यांनी एकत्र बसा. पूर, आग, गॅसगळती, तेलगळती, जे मुंबईत होऊ शकतं त्यासाठी फॉर्म आत्ताच बनवा, आणि तो बनवताना कुर्ला, गोवंडी, माहुल, धारावीच्या पाच-दहा बायकांना वाचून दाखवा, त्यांना काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका. कमिटीत सात ते पंधरा मेंबर असतात, त्यात सामान्य माणूस म्हणून एक जण असतो. मी ज्यांना भेटले ते रिटायर्ड मॅनेजर किंवा प्राध्यापक होते, भली माणसं होती, पण त्यांच्या घरात मिठी कधी आली नव्हती. एक मेंबर तरी असा घ्या ज्याच्या घरात आलीय.

फॉर्मच्या वरच, नावाच्या पण आधी, मोठ्या अक्षरात लिहा की हा इलाज नाही, आणि त्रास झाला तर कुठे जायचं त्या दवाखान्याचं नाव. लेप्टोसाठी आता पालिका सांगतेच की पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्या. मग नमुना घेणाऱ्याच्या टेबलाशेजारी ते देणारा डॉक्टर बसलेला पाहिजे, आणि जो नमुना देणार नाही त्यालाही ते मिळालं पाहिजे. धान्यवाटपाच्या जागेवर आणि त्याच दिवशी सर्व्हे नको. सर्व्हेसाठी बाईचा कामावर खाडा झाला तर तिची त्या दिवसाची मजुरी द्या, बिस्किटाचा पुडा देऊन पाठवू नका. वॉर्डात एक रजिस्टर ठेवा, कोणत्या गल्लीत कोण जातंय ते त्यात असू दे म्हणजे एकाच बाईला आठवड्यात तीनदा खोकला सांगावा लागणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिपोर्टची तारीख. फॉर्मवर तारीख लिहून घ्या, अमुक तारखेला तुमचा रिपोर्ट घरी मिळेल, नाही मिळाला तर या माणसाला फोन करा, नाव आणि नंबर, आणि तो फोन प्रोजेक्ट संपल्यावरही लागला पाहिजे. धोक्याचा निकाल असेल तर त्याच दिवशी माणूस पाठवा. आणि एकूण अभ्यासातून काय निघालं ते वस्तीत येऊन मराठीत, हिंदीत, जी भाषा तिथे चालते तीत सांगितल्याशिवाय ती फाइल तुम्ही बंद करू नका. आत्ता तुम्ही सुरुवातीला परवानगी देता, मधे प्रोग्रेस रिपोर्ट घेता, शेवटी एक कागद घेता. तो शेवटचा कागद संशोधक तुम्हाला देतात. वस्तीला दिला का हे विचारायला किती कमिट्या बाहेर पडतात? माझ्या सगळ्या वर्षांत एकही मेंबर मला फील्डवर भेटला नाही. एकदा या. आधी न कळवता या. मी सोबत येईन, गल्ल्या मला माहीत आहेत.

काही संशोधक म्हणतील एवढं सगळं करायला पैसे कुठून आणायचे. मशीनला, किटला, कॉन्फरन्सला बजेटमध्ये ओळ असते तशी परत जायला पण एक ओळ घाला. ती नसेल तर प्रपोजल परत पाठवा, तुमच्या हातात ते आहे, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कोणाच्याच हातात नाही.

गेल्या महिन्यात आईच्या रेशनकार्डाची प्लास्टिकची पिशवी उघडली, केवायसीसाठी काहीतरी शोधत होते. त्यात ते पिवळं कार्ड अजून आहे. शाई थोडी पसरलीय पण नंबर वाचता येतो. मी म्हटलं, आई, हे आता कशाला ठेवलंयस, तर म्हणाली, "असू दे, आले कधी तर दाखवायला लागेल." ऑगस्ट २००५, कुर्ला, के-११७. तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात त्या वेळची रजिस्टरं असतील तर जरा बघा.

तुमची,
कुर्ल्याची एक रहिवासी आणि माजी फील्ड इन्व्हेस्टिगेटर